कंडक्टरबाईची कात

"आई, तिच्याबरोबर दोन वनपालही येतायत हं," मुलाने फोनवर घाईघाईत सांगितलं आणि आईने पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवूनही दिला.

पुस्तकं बांधणाऱ्या त्याच्या आईला, बाइंडरबाईंना, त्यात वावगं काही वाटलं नाही. सून लांब पल्ल्याची बस चालवायची. लग्न नोंदणी कार्यालयात चार सह्यांत उरकलेलं, त्यामुळे तिच्या माहेरचं कोण कुठे नोकरीला आहे हे त्यांना अजून नीटसं पाठ झालं नव्हतं. असतील दोन काका जंगलखात्यात, येत असतील पोरीला नव्या घरी सोडायला. त्यांनी दोन जास्तीच्या खुर्च्या मांडल्या, ठेवणीतले कप काढून पुसले, आणि उंचीपुरी खाकी माणसं जिन्याच्या बुटक्या तुळईवर डोकं आपटून घेतील म्हणून तिला पांढरं फडकंही बांधलं.

सून आली ती दोन पिशव्या आणि चादरीत गुंडाळलेली एक भलीमोठी काचपेटी घेऊन. मागून मुलगा, चार पावलांचं अंतर राखून.

"आणि पाहुणे कुठायत?" बाइंडरबाईंनी रस्त्याकडे मान लांब करून विचारलं.

"कोण पाहुणे, आई?"

"अगं, ते वनपाल."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. मग तिने पेटी टेबलावर ठेवली आणि चादर बाजूला केली. आत एक वाकडी फांदी होती, चारदोन पानं होती आणि फांदीला सालीचे दोन तुकडे चिकटलेले होते, करडे-तपकिरी, मधूनच शेवाळी. बाइंडरबाई वाकून बघतायत तोच त्यातल्या एका तुकड्याने जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा पुसला.

"अगं बाई, पाल!"

"रानातली पाल आहे, आई. घरातल्या भिंतीवरची नाही," सून म्हणाली आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "वन-पाल! याने तसं सांगितलं होय तुम्हाला?"

"मी खोटं कुठे बोललो?" जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून आवाज आला.

हा सहा फुटी मुलगा दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा, अनोळखी माणसाच्या बुबुळात बिनधास्त टॉर्च मारायचा, पण पाल दिसली की त्याची पाचावर धारण बसायची. लहानपणी एकदा तो न्हाणीघरातून साबण लागलेल्या अंगानिशी थेट रस्त्यावर धावला होता. त्या दिवसापासून आईने त्याचं नाव ठेवलं वाघोबा. आणि या वाघोबाने लग्न केलं ते दोन पाली बाळगणाऱ्या बाईशी. बाइंडरबाईंना आधी हसू फुटलं आणि मग सुनेबद्दल थोडा आदरही वाटला. मुलाला इतकं वेडं करणारी पोरगी साधीसुधी नसणार.

पालींपैकी जो एका जागी तासन् तास बसून राही त्याचं नाव ड्रायव्हर. जी पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालून सगळ्यांची चौकशी करी ती कंडक्टर. नावं अर्थातच सुनेने ठेवलेली.

खरी अडचण पुढे होती. पेटी ठेवायची कुठे?

वरच्या दोन्ही खोल्या दुपारी भट्टीसारख्या तापायच्या, आणि या जातीला गारवा लागतो. घरात गार जागा एकच, तळमजल्यावरची बाइंडिंगची खोली. तिथे उत्तरेची खिडकी होती, जाड भिंती होत्या, आणि बाइंडरबाईंची एकतीस वर्षांची सत्ता होती. कागदाचे गठ्ठे, पुठ्ठे, कापडाच्या गुंडाळ्या, सरसाचं भांडं, लोखंडी प्रेस, शिलाईची चौकट. ओल ही त्या खोलीची जन्माची वैरीण. ओलीने पुठ्ठा वाकतो, पानं फुगतात, बुरशीचे ठिपके पडतात, कसर लागते. म्हणून कोपऱ्यात हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र घुमत असे आणि भिंतीवर ओल मोजायचा पितळी काटा टांगलेला असे. काटा पन्नासच्या वर चढला की बाइंडरबाईंचा पाराही चढे.

"यांना किती लागते ओल?" त्यांनी विचारलं.

"साठ ते नव्वदच्या मध्ये. रात्री जास्त, दिवसा कमी," सून चाचरत म्हणाली.

"माझ्या खोलीत?"

"पेटीच्या आत, आई. फक्त पेटीच्या आत."

बाइंडरबाईंनी फांदीकडे पाहिलं. कंडक्टर काचेला चारही पंजे लावून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. वीसच्या वीस बोटं फुलांच्या पाकळ्यांसारखी पसरलेली.

"ठीक आहे. पण एक थेंब बाहेर आला तर दोघांचं बिऱ्हाड रस्त्यावर," त्या म्हणाल्या आणि खिडकीखालचं फळकूट रिकामं करून दिलं.

सुरुवातीला पेटीत नुसता टिपकागद अंथरलेला होता. हलवाहलवीत तेच सोयीचं, असं सुनेचं म्हणणं. लग्नाआधी ती एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायची. तिथे खालून चोवीस तास वाफ यायची, त्यामुळे पेटीत काय अंथरलंय आणि ओल किती आहे याचा तिने कधी फार विचारच केला नव्हता. वाटलं तेव्हा पाणी फवारलं की काम भागायचं. इथे मात्र फवारलेलं पाणी तासाभरात गायब होई. यंत्र पेटीतलंही पाणी ओढून घेत होतं.

त्यात सूनबाई तीन दिवस रस्त्यावर आणि एक दिवस घरी. फवारणीचं काम तिने नवऱ्यावर सोपवलं. वाघोबाने पहिल्या दिवशी डोळे गच्च मिटून, हात लांब करून, झाकण बोटभर उघडून असा काही फवारा मारला की पेटी कोरडी राहिली आणि शेजारी रचलेल्या सव्वीस वह्यांची कव्हरं भिजली.

बाइंडरबाईंनी त्याच्या हातातून बाटली काढून घेतली. "तू वर जा. चहा टाक. तेवढं तरी जमेल ना?"

असा पेटीचा कारभार त्यांच्याकडे आला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सून पाळीव प्राण्यांच्या दुकानातून लाकडाचा भुसा घेऊन आली. दुकानदार म्हणाला होता की पाणी धरून ठेवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. तिने पेटीत चांगला चार बोटं थर दिला. खोलीभर गोडसर, उग्र वास पसरला. बाइंडरबाईंनी चिमूटभर भुसा तळहातावर चोळला, हुंगला आणि नाक मुरडलं.

"राळेचं लाकूड आहे हे. असल्या लाकडाच्या कपाटात पुस्तकं ठेवली तर वर्षभरात पिवळी पडतात. यांच्या एवढ्याशा छातीचं काय होईल?"

"आई, तो माणूस रोज हेच विकतो."

"विकत असेल. वापरत नसेल."

सुनेचा चेहरा पडला. दोन दिवसांनी कंडक्टर तोंड उघडं टाकून बसायला लागली आणि ड्रायव्हर तर फांदीच्या शेंड्यावरून खाली उतरेचना. फोनवर हे ऐकल्यावर सुनेने स्वतःच सांगितलं, "काढून टाका तो भुसा." बाइंडरबाईंनी काढला. मी म्हटलं नव्हतं का, असं त्यांच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. मोठ्या मुश्किलीने, पण गिळलं.

मग आली माती. यावेळी सुनेने कसर म्हणून ठेवली नाही. कुंडीतली काळी माती पेटीत दाबून भरली, वर पाणी ओतलं, झाकणावर प्लॅस्टिक ताणून बसवलं. "आता बघू कशी उडून जाते ओल!" म्हणाली आणि कामावर गेली. ओल खरोखरच कुठे गेली नाही. काचांवरून धारा लागल्या. चौथ्या दिवशी सकाळी बाइंडरबाईंनी खोलीचं दार उघडलं आणि दारातच थबकल्या. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. एकदा एका वाचनालयाच्या तळघरात पाणी शिरलं होतं, तेव्हा भिजलेली नऊ खोकी पुस्तकं त्यांच्याकडे आली होती. खोकी उघडल्यावर हाच आंबूस, कोंदट वास आला होता. मातीवर पांढरी लव धरली होती.

सून त्याच दुपारी परतली. बारा तास स्टिअरिंग धरून आलेली, डोळे लाल, पोटात अन्न नाही. बाइंडरबाईंनी तिला पाणी द्यायच्या आधी बुरशीबद्दल सांगितलं. तिथेच चुकलं.

"तुम्ही तुमची पुस्तकं बघा ना, आई," ती फटकन म्हणाली. "पालींचं मी बघते."

बाइंडरबाईंनी हातातली सुई कापडाला टोचून ठेवली, ऐनक काढली, पुसली, पुन्हा लावली. सुनेने माती उपसून टाकली, परत टिपकागद घातला आणि वर जाऊन झोपली. संध्याकाळच्या जेवणाला तिघं मिळून मोजून सात वाक्यं बोलली, त्यातली पाच वाघोबाची आणि तीही हवामानावर. दुसऱ्या दिवशी पहाटे सून निघाली. यावेळची फेरी लांबची होती, पाच दिवसांची.

बाइंडरबाईंनी ठरवलं होतं की आता पेटीकडे ढुंकूनही बघायचं नाही. सकाळी अकरापर्यंत तो निश्चय टिकला.

कंडक्टर फांदीवर नव्हती. टिपकागदाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती आणि तिचा रंग उडाला होता. सगळं अंग राखेसारखं पांढुरकं, जुन्या पुस्तकाच्या कव्हरावरचा पापुद्रा सुटावा तसं. कात टाकायला आली होती, एवढं बाइंडरबाईंना कळलं. पाठीवरची कात चिंध्याचिंध्यांनी निघाली होती, पण पायांवर तशीच राहिली होती. त्यांनी वहीची शिलाई बघायचं भिंग लावलं. मागच्या डाव्या पायाच्या दोन बोटांना जुन्या कातडीची कडी आवळून बसली होती, दोरा गुंडाळावा तशी, आणि त्या कडीच्या पुढचं बोट सुजलं होतं. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तेवढ्यात समोरची खरीखुरी पालही चुकचुकली, अगदी बारीक आवाजात. बाइंडरबाईंनी सुनेला फोन लावला.

सुनेचा फोन लागेना. गाडी चालवताना ती फोन बंद ठेवायची. जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर भेटल्या, पण त्या दिवशी त्या दूरच्या गोठ्यांवर होत्या. "परवापर्यंत थांबू नका," त्यांनी सांगितलं. "कोमट पाण्याने ओला केलेला कपडा डब्यात घाला, झाकणाला भोकं पाडा, अर्धा तास तिला आत ठेवा. कातडी मऊ झाली की ओल्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने सोडवा. ओढायचं अजिबात नाही. हाताला सफाई आहे का घरात कुणाच्या?"

बाइंडरबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. शंभर वर्षांपूर्वीच्या पानांना चिकटलेला सरस या हातांनी सोडवला होता, अक्षराला धक्का न लावता.

"आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चष्म्याच्या दुकानात फोन केला. "वाघोबा, तुझं ते कपाळाला लावायचं भिंग आणि टॉर्च घेऊन घरी ये. लगेच."

"काय झालं?"

"कंडक्टर आजारी आहे. तू टॉर्च धरायचीयस."

पलीकडून मग एक सुस्कारा आला. "येतो."

तो आला. घाम फुटलेला, पण आला. आईने त्याचं भिंग आपल्या कपाळाला लावलं, मऊ फडक्यात कंडक्टरला अलगद गुंडाळलं, फक्त तो एक पाय बाहेर ठेवला आणि टेबलाशी बसली. वाघोबाने टॉर्च धरली. आधी प्रकाश छतावर पडला.

"खाली."

प्रकाश आईच्या नाकावर आला.

"अजून खाली. डोळे उघड, रे!"

त्याने डोळे उघडले. आणि एकदा उघडल्यावर त्याला ते मिटता येईनात, कारण भीतीपेक्षा नवल मोठं होतं. हाडाच्या पट्टीने घडी पाडणारे, जाड पुठ्ठे कापणारे आईचे ते राकट हात आता जेमतेम हलत होते. ओली काडी बोटावरून फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. घाई नाही, ओढाताण नाही. वीसएक मिनिटांनी कातडीच्या कडीची एक कड सुटली आणि ती टाचणीएवढ्या अंगठीसारखी निघून आली. पहिलं बोट मोकळं झालं. दुसऱ्याला तेवढाच वेळ लागला. दुसऱ्या बोटाचं टोक काळपट पडलं होतं.

"हे बहुतेक जाईल," आई हळूच म्हणाली. "उशीर झाला आपल्याला."

"तिला दुखतंय का?"

"दुखत असेल. बघ ना, तरी चावत नाही."

वाघोबाने टॉर्च दुसऱ्या हातात घेतली आणि एका बोटाने फडक्यावरून, फक्त फडक्यावरूनच, कंडक्टरच्या पाठीला स्पर्श केला. मग पटकन बोट मागे घेतलं आणि आपण काही केलंच नाही असा चेहरा केला.

संध्याकाळी डेपोतून सुनेचा फोन आला. बाइंडरबाईंनी सगळं सांगितलं, काळपट बोटासकट. पलीकडून हुंदका आल्यासारखं वाटलं, तसं त्या घाईने म्हणाल्या, "रडू नकोस. आधी मला एक सांग. तू यांच्या जातीची जंगलं पाहिलीयस का?"

"लहानपणी. बाबांबरोबर जायचे मी," सून नाक ओढत म्हणाली.

"मग सांग. तिथली जमीन कशी असते? पाय ठेवला की काय होतं?"

सून रिकाम्या बसच्या पायरीवर बसली असावी, मागून इंजिनाचे आवाज येत होते. आठवून आठवून सांगू लागली. वर सुकी पानं असतात, चालताना कुरकुरतात. ती बाजूला केली की खाली अर्धवट कुजलेली, मऊ. त्याच्या खाली भुसभुशीत माती, ओली पण चिखल नाही. पाणी तिथे साचत नाही, खाली खडीत उतरून जातं. पाऊस पडून गेला की सगळं ठिबकत राहतं, आणि दुपारपर्यंत वारा वरचं वर सुकवून टाकतो. झाडांच्या बुंध्यांना उत्तरेकडून शेवाळ, दुसऱ्या बाजूला कोरडी साल.

"म्हणजे ओल खाली, कोरडं वर, आणि वारा खेळता," बाइंडरबाई म्हणाल्या. "आपण आधी तिला वाळवंटात ठेवलं आणि मग विहिरीत. हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

ते खरं होतं. "नाही विचारलं," त्या म्हणाल्या.

पुढचा सगळा दिवस प्रेस बंद होती. बाइंडरबाईंनी पेटी रिकामी केली, गरम पाण्याने धुतली, वाळवली. तळाशी भाजक्या मातीच्या गोळ्यांचा थर दिला, जास्तीचं पाणी उतरायला. त्यावर पुस्तकाच्या पाठीला लावायचं जाळीचं कापड पेटीच्या मापाने कापून बेतून बसवलं, म्हणजे वरची माती खाली जाणार नाही. मग माती. ती नुसती माती नव्हती. रोपवाटिकेतून त्यांनी खत न घातलेली माती, नारळाच्या काथ्याचा चुरा आणि कुजकी पानं आणली, सगळं घमेल्यात कालवलं आणि थोडं थोडं पाणी घालत राहिल्या. मधेच मूठभर उचलायची आणि आवळायची. बोटांतून पाणी ठिबकलं तर जास्त झालं. मूठ उघडल्यावर भुगा सांडला तर कमी. मूठ उघडली आणि गोळा तसाच राहिला, आणि बोटाने टोचल्यावर सुटला, तर बरोबर. शेवटी चिमूटभर माती त्यांनी गालाला लावून पाहिली. कागद दाबात घालायच्या आधी त्या तो असाच गालाला लावून बघायच्या. डोळ्याला कोरडा दिसणारा कागद गालाला गार लागतो, मग समजायचं की अजून ओल आहे.

"आई, तू मातीचा पापा घेतेयस," दारातून वाघोबा म्हणाला.

"तू पालींच्या जेवणाच्या रातकिड्यांना खायला घाल आणि गप बस."

रोपवाटिकेच्या माळीणबाईंनी आणखी एक वाटी दिली होती. त्यात कुजक्या पानांवर बारीक पांढरे किडे टुणटुण उडत होते. बुरशी लागली की हे खाऊन टाकतात, मातीत सोडून द्या, असं त्या म्हणाल्या. बाइंडरबाईंनी ती वाटी हातभर लांब धरूनच घरी आणली. एकतीस वर्षं ज्या खोलीत त्यांनी एकही किडा तगू दिला नाही, तिथे स्वतःच्या हाताने दोनशे किडे सोडायचे? त्यांनी सुनेला फोन लावला.

"ते कागद खात नाहीत, आई. आणि कोरड्यात आले तर तासाभरात मरतात," सून म्हणाली. "तुमचं यंत्र आहे ना बाहेर पहाऱ्यावर."

तेव्हा कुठे वाटी पेटीत पालथी झाली.

वर सुकी पानं अंथरली. डाव्या अर्ध्या भागात शेवाळ, ओलं. उजव्या अर्ध्या भागात साल आणि पानं, कोरडी. म्हणजे ज्याला जिकडे हवं तिकडे त्याने जावं. झाकण जाळीचंच ठेवलं, पण अर्ध्या जाळीवर कापड चढवलेला पुठ्ठा ठेवला, पुढे-मागे सरकवता येईल असा. ओल कमी पडली तर पुठ्ठा पुढे, काच धुकट झाली तर मागे. आणि शेवटी भिंतीवरचा पितळी काटा काढून त्यांनी पेटीत, आडव्या फांदीला तारेने बांधला. भिंतीवर त्या जागी गोल पांढरा डाग राहिला.

पहिल्या संध्याकाळी फवारल्यावर काटा ब्याण्णववर गेला आणि सकाळीही तिथेच. पुठ्ठा दोन बोटं मागे. दुसऱ्या संध्याकाळी अठ्ठ्याऐंशी, पण दुपारी पन्नास. यंत्राचं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पंच्याऐंशी, सकाळी पंचाहत्तर, दुपारी बासष्ट. बाइंडरबाईंनी आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिले, पेन्सिल कानामागे खोचली आणि पेटीसमोर स्टूल ओढून बसल्या. ड्रायव्हर फांदीवरून उतरून पानांत शिरला होता, नुसतं शेपूट बाहेर. कंडक्टर शेवाळावर पोट टेकून पडली होती, एखादी दमलेली बाई ओल्या अंगणात बसावी तशी निवांत.

सून पाचव्या दिवशी दुपारी आली. बाइंडरबाईंनी यावेळी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग ताट वाढलं आणि ती जेवून होईपर्यंत पेटीचं नावही काढलं नाही. सूनच हात धुऊन खाली गेली. बराच वेळ वर आली नाही. बाइंडरबाई जिना उतरून गेल्या तेव्हा ती गुडघ्यांवर बसून काचेला नाक लावून बघत होती.

"वास येतोय," ती म्हणाली.

बाइंडरबाई झटकन पेटीवर वाकल्या. "कसला?"

"बाबांबरोबर जायचे ना, तिथला." ती उठली आणि मागचा पुढचा विचार न करता सासूच्या गळ्यात पडली. "मी तुम्हाला त्या दिवशी फार तोडून बोलले."

"बोललीस खरी. आणि मीही तुला दारातच धरलं." बाइंडरबाईंना गळ्यात पडायची सवय नव्हती, त्यांनी सुनेच्या पाठीवर दोनदा थोपटलं, पुस्तक प्रेसमधून काढल्यावर थोपटतात तसं. "जंगल तू सांगितलंस. मी नुसती बांधणी केली."

काळं पडलेलं बोटाचं टोक आठवड्याभरात गळून गेलं. डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. जखम स्वच्छ आहे, म्हणाल्या, आणि एवढ्यावाचून तिचं काही अडणार नाही. मग पेटीकडे बघून त्यांनी तिथल्या तिथे दोन फोटो काढले. त्यांच्याकडे येणारे निम्मे सरडे नि पाली चुकीच्या जमिनीवर राहून आजारी पडलेले असतात, असं त्यांनी सांगितलं, आणि बाइंडरबाईंचा फोन नंबर लोकांना दिला तर चालेल का म्हणून विचारलं. बाइंडरबाई संकोचून म्हणाल्या, "मला पालींतलं काही कळत नाही हो. ओलीतलं कळतं."

"तेच कुणाला कळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

महिन्याभराने, एका सकाळी उजाडता उजाडता, सून जिन्यातून दबक्या आवाजात ओरडली, "आई! लवकर या, पांढरी झालीय!"

तिघंही खाली धावली. वाघोबाच्या अंगात बनियन, बाइंडरबाईंचे केस मोकळे, सुनेच्या अंगावर कामावर जायचा गणवेश अर्धा चढलेला. कंडक्टर ओल्या बाजूच्या शेवाळावर उभी होती, नखशिखान्त राखेच्या रंगाची. तिने तोंड सालीवर घासलं. ओठापाशी कात सुटली. मग तिने मान वळवून ती दातांत धरली आणि हळूहळू ओढायला लागली. डोक्यावरून, मानेवरून, एका पायातून, दुसऱ्या पायातून. हातमोजा उलटा होऊन निघावा तशी एकेका बोटाची कात निघत होती. खालून ओला, चकचकीत, हिरवट-तपकिरी नवा रंग उघडा पडत होता.

"एकसंध आहे," बाइंडरबाई पुटपुटल्या. त्यांनी जन्मभर चामडी हाताळली होती, पण इतकं पातळ, इतकं नितळ, एक टाकाही न तुटलेलं कातडं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मनातल्या मनात त्या ते दोन काचांमध्ये ठेवून कडेला पट्टी लावूनही मोकळ्या झाल्या. त्यांचा हात झाकणाकडे गेला.

कंडक्टरने शेपटाचं टोक सोडवलं, सगळी कात तोंडात गोळा केली आणि चार घासांत गिळून टाकली.

"अगं ए!" बाइंडरबाई ओरडल्या. "खाल्लं? एवढं चांगलं कातडं, खाऊन टाकलं?"

सुनेला हसू आवरेना. हसता हसता तिने भिंतीला टेकून डोळे पुसले. "खातातच त्या, आई. वाया घालवत नाहीत काही."

"मला आधी सांगायचं तरी!"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

यावर बाइंडरबाईही हसल्या. वाघोबाने मात्र भिंग कपाळाला लावलं होतं. पेटीच्या काचेला तोंड जवळजवळ टेकवून तो बोटं मोजत होता, पुढचे दोन पाय, मागचा उजवा, मग मागचा डावा.

"एकोणीस आणि एक अर्धं," त्याने जाहीर केलं. "सगळी स्वच्छ. एकावरही काही अडकलेलं नाही."

कंडक्टर काचेवर चढली, त्याच्या नाकासमोर, मधे फक्त काच. वाघोबा मागे सरकला नाही. नुसता थोडा फिकट पडला.

सुनेने घड्याळ बघितलं, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि निघता निघता दारातून म्हणाली, "आई, काटा सत्तरवर आलाय. फवारायचं का?"

"संध्याकाळी," बाइंडरबाई केस बांधत म्हणाल्या. "आत्ता वारा लागू दे तिला. तू नीघ, तुझी गाडी सुटेल."

"माझ्याशिवाय कशी सुटेल?" सून म्हणाली आणि रस्त्याला लागली.